नसेतला सिग्नल, लवचिक इलेक्ट्रोड आणि कडबाकुट्टीत गेलेला हात

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारे सांगलीत इलेक्ट्रॉनिक्सच्या शेवटच्या वर्षाला आहेत. तासगावकडे राहणाऱ्या त्यांच्या चुलतभावाचा उजवा हात कडबाकुट्टीत गेला, कोपराखाली साधारण निम्मा शिल्लक आहे. मज्जातंतूंवर, म्हणजे नसांवर, बसवायच्या लवचिक इलेक्ट्रोडबद्दल त्यांनी वाचलं आणि विचारलं की इलेक्ट्रोड लवचिकच का लागतो, त्यातले कोणते प्रकार नसेतला सिग्नल खरंच वाचू शकतात, आणि भावासाठी यातलं आज काही करता येईल का. शेवटच्या वर्षाचा प्रकल्पही त्यांना याच विषयावर करायचा आहे.

मी मिरजेत नर्व्ह कंडक्शन आणि ईएमजीच्या, म्हणजे नसांचे आणि स्नायूंचे विजेचे सिग्नल मोजण्याच्या, तपासण्या करते. त्याआधी बरीच वर्षं इलेक्ट्रोड बनवणाऱ्या प्रयोगशाळेत काढली. आधी उत्तर देते, मग कारणं सांगते. तुमच्या भावाला आज नसेत इलेक्ट्रोड घालून घ्यायची गरज नाही, त्याच्या उरलेल्या हातातले स्नायू तेच काम जास्त भरवशाने करतील. इलेक्ट्रोड लवचिक हवा हे खरं आहे, पण नसेतून वर्षानुवर्षं सिग्नल मिळत नाही त्याला एकटा कडकपणा जबाबदार नाही. आणि प्रकल्पासाठी विषय उत्तम आहे, फक्त इलेक्ट्रोडच्या टोकाकडे न बघता तारेकडे आणि सांध्याकडे बघा.

सगळ्यात आधी सिग्नल केवढा असतो ते डोक्यात पक्कं बसू द्या. आमच्याकडे तपासणीला आलेल्या माणसाच्या मनगटावर मीडियन नसेला, म्हणजे अंगठ्याकडच्या बोटांना जाणाऱ्या नसेला, आम्ही हलका शॉक देतो. अंगठ्याच्या बुडाशी असलेल्या स्नायूवर चिकटवलेल्या इलेक्ट्रोडवर ५ ते १० मिलिव्होल्टचा ठसठशीत उंचवटा येतो. तीच नस बोटात घातलेल्या रिंग इलेक्ट्रोडवरून पाहिली तर हाती येतात २० ते ५० मायक्रोव्होल्ट, म्हणजे शंभर-दोनशे पटींनी कमी. तेवढे तरी दिसतात, कारण शॉकमुळे हजारो तंतू एकाच क्षणी पेटतात आणि त्यांची बेरीज होते. माणूस स्वतःहून मूठ वळतो तेव्हा प्रत्येक तंतू आपापल्या वेळेला चालतो. बेरीज होत नाही, एकाचं दुसऱ्यात पुसलं जातं आणि त्वचेवरून काहीही दिसत नाही. म्हणून नसेपर्यंत आत जाणं आलं.

आत गेलं तरी फार श्रीमंती नाही. नसेभोवती पट्ट्यासारख्या गुंडाळलेल्या ‘कफ’ इलेक्ट्रोडवर काही मायक्रोव्होल्ट मिळतात. तंतूंच्या गुच्छात शिरलेल्या बारीक इलेक्ट्रोडवर दहाच्या पटीत, नशीब चांगलं असेल तर शंभराच्या घरात. आणि दोन-तीन सेंटिमीटरवर स्नायू मिलिव्होल्टमध्ये बोलत असतो. दोघांच्या वारंवारतेत थोडा फरक आहे. स्नायूचा बहुतेक जोर ५०० हर्ट्झच्या खाली, नसेचा साधारण १ ते ३ किलोहर्ट्झच्या आसपास. पण स्नायूची शेपूट वरपर्यंत येते, त्यामुळे नुसत्या फिल्टरवर निभावत नाही.

तुम्ही इलेक्ट्रॉनिक्सचे आहात, तेव्हा एक हिशेब स्वतः मांडून बघा. इलेक्ट्रोडचा रोध १०० किलोओहम धरा, शरीराचं तापमान ३७ अंश, बँडविड्थ ५ किलोहर्ट्झ. औष्णिक नॉइज, म्हणजे उष्णतेमुळे आपोआप होणारा विजेचा गोंगाट, येतो जवळजवळ २.९ मायक्रोव्होल्ट आरएमएस. कफवरचा सिग्नलच तेवढा असतो. एडी६२० सारख्या साध्या इन्स्ट्रुमेंटेशन अँप्लिफायरचा स्वतःचा व्होल्टेज नॉइज त्याच बँडमध्ये ०.६५ मायक्रोव्होल्टच्याही आत राहतो. म्हणजे महागडा अँप्लिफायर आणून फारसं साधत नाही, इलेक्ट्रोडचा रोध खाली आणावा लागतो. तो १० किलोओहमवर आणला तर नॉइज एका मायक्रोव्होल्टच्या खाली उतरतो. प्लॅटिनम ब्लॅक, इरिडियम ऑक्साइड, पेडॉट नावाचं वीजवाहक प्लास्टिक यांचे थर इलेक्ट्रोडवर चढवतात ते याचसाठी. बाहेरून दिसणारं क्षेत्रफळ तेवढंच राहतं, पण खडबडीतपणामुळे किंवा सच्छिद्रपणामुळे खरं क्षेत्रफळ कितीतरी पटींनी वाढतं.

आता लवचिकपणाकडे येऊ. नसेची रचना आपल्याकडच्या माणसाला समजायला सोपी आहे, ती उसाच्या मोळीसारखी असते. बाहेरून बांधणारा एपिन्यूरियम, आत एकेक कांडं म्हणजे तंतूंचा गुच्छ, त्या प्रत्येक गुच्छाची स्वतःची चिवट साल म्हणजे पेरिन्यूरियम, आणि सालीच्या आत हजारो तंतू, १ ते २० मायक्रोमीटर जाडीचे. ही मोळी एका जागी गप्प पडून राहत नाही. कोपर आणि मनगट हलवलं की मीडियन नस आपल्या वाटेत सेंटिमीटरभर सहज पुढेमागे सरकते. तिला ताण आणि दाब दोन्ही सोसत नाहीत. सशाच्या नसेवरच्या प्रयोगांत असं दिसलं की ८ टक्के ताणल्यावर आतला रक्तपुरवठा मंदावायला लागतो आणि १५ टक्क्यांच्या आसपास थांबतो. बाहेरून २०-३० मिलिमीटर पाऱ्याएवढा दाब पडला तरी बारीक शिरांमधला प्रवाह अडतो. रक्तदाब मोजताना दंडाच्या पट्ट्यात आपण याच्या कितीतरी पट दाब भरतो, यावरून अंदाज घ्या.

अशा जागी सिलिकॉनची सुई घातली तर काय होईल? नसेचा कडकपणा, म्हणजे यंग्ज मॉड्युलस, साधारण अर्ध्या मेगापास्कलच्या आसपास. सिलिकॉनचा १५० गिगापास्कलच्या घरात, म्हणजे काही लाख पट. नस सरकली की सुई जागच्या जागी घासते, पेशी चिडतात, मॅक्रोफेज म्हणजे सफाई करणाऱ्या पेशी गोळा होतात, फायब्रोब्लास्ट म्हणजे तंतुमय ऊतक विणणाऱ्या पेशी येऊन काही आठवड्यांत भोवती तंतुमय कवच बांधतात. कवच विजेला पूर्ण अडवत नाही, पण तंतू आणि इलेक्ट्रोड यांच्यातलं अंतर वाढवतं. या खेळात अंतर हेच सर्वस्व आहे. शंभर मायक्रोमीटर लांब गेलात की एकट्या तंतूचा आवाज जवळपास हरवतो.

इथे बहुतेक विद्यार्थी गोंधळतात, म्हणून थोडं थांबते. लवचिक इलेक्ट्रोड म्हणजे मऊ पदार्थाचा इलेक्ट्रोड असं नाही. सगळ्यात जास्त वापरला जाणारा पॉलिइमाइड हा प्लास्टिकचा प्रकार अडीच गिगापास्कल किंवा त्याहून कडक असतो. नसेच्या मानाने तोही हजारो पट कडक. तो वाकतो तो पातळ असतो म्हणून. वाकण्याला होणारा विरोध जाडीच्या घनात बदलतो. जाडी निम्मी केली की विरोध आठपट घटतो. ५० मायक्रोमीटर जाड सिलिकॉनची पट्टी आणि १० मायक्रोमीटर जाड पॉलिइमाइडची तेवढ्याच रुंदीची पट्टी यांची तुलना करा: पदार्थामुळे साठेक पट फरक पडतो, जाडीमुळे १२५ पट, एकूण सात-आठ हजार पट. मोठा वाटा जाडीचा आहे. पॅरिलीन-सी या दुसऱ्या प्लास्टिकचंही तसंच.

पण पातळ पट्टी वाकते, ताणली जात नाही. नस लांबते तेव्हा पट्टी लांबत नाही आणि कडेला ओढ बसते. म्हणून धातूची वाट नागमोडी काढतात, किंवा मुळातच सिलिकोन रबर (वरचा कडक सिलिकॉन वेगळा) वापरतात, ज्याचा मॉड्युलस एक-दोन मेगापास्कल, नसेच्या बराच जवळ. सिलिकोनवर धातूचा पातळ थर धरून ठेवणं मात्र जिकिरीचं आहे, ताणलं की त्याला चिरा जातात.

प्रकारांबद्दल. कफ हा सगळ्यांत जुना आणि माझ्या मते आजही सगळ्यांत सभ्य. नस न टोचता बाहेरून वेढतो. १९८८ मध्ये अमेरिकेत क्लीव्हलंडच्या गटाने स्वतःहून गुंडाळला जाणारा सिलिकोनचा सर्पिल कफ मांडला. नस सुजली तर तो सैल होतो, आवळत नाही. एकसंध नळीचा कफ असेल तर आतला व्यास नसेच्या दीडपट ठेवायचा असा आडाखा आहे. सिग्नल वाचायचा असेल तर कफला लांबी लागते. स्नायू हलवणाऱ्या मोटर तंतूत संदेश सेकंदाला ५०-६० मीटर धावतो आणि अर्धा-एक मिलिसेकंद टिकतो, म्हणजे तो तंतूवर २५ ते ६० मिलिमीटर पसरलेला असतो. पाच मिलिमीटरच्या कफमध्ये त्याचा चढ-उतार पुरता मावतच नाही. वाचणारे कफ म्हणून एक-दोन सेंटिमीटर किंवा जास्त लांब असतात. आत तीन कड्या असतात आणि मधल्या कडीचं व्होल्टेज दोन टोकांच्या सरासरीशी तुलना करून घेतात. बाहेरच्या स्नायूचं क्षेत्र कफच्या आत जवळजवळ सरळ रेषेत उतरतं, त्यामुळे टोकांची सरासरी आणि मधलं व्होल्टेज सारखंच येतं आणि वजा होतं. नसेतला संदेश मात्र उरतो. कल्पना सुंदर आहे, पण कडीभोवती ऊतक असमान वाढलं की समतोल बिघडतो आणि स्नायू पुन्हा आत डोकावतो.

२००२ च्या सुमाराला टायलर आणि ड्युरँड या संशोधकांनी नसेला हळूच चपटी करणारा कफ आणला. गुच्छ शेजारी-शेजारी आले की कोणता सिग्नल कुठला हे ओळखायला सोपं जातं. त्याच्या पुढची पायरी म्हणजे गुच्छात शिरणारे इलेक्ट्रोड. एक प्रकार तंतूंच्या दिशेने लांबवर ओवतात, दुसरा नसेच्या आरपार आडवा. दोन्ही पातळ पॉलिइमाइडच्या पट्ट्या, सुईदोऱ्याने सूक्ष्मदर्शकाखाली ओढून घेतात. अमेरिकेतल्या युटा विद्यापीठाचा तिरक्या उंचीच्या सुयांचा गालिचा आहे तो सिलिकॉनचा, कडक, पण एका वेळी शंभर ठिकाणी पोचतो. कापलेल्या नसेला जाळीतून वाढू देणारे चाळणी इलेक्ट्रोडही आहेत. माणसांत त्यांचा मार्ग अवघड दिसतो, म्हणून इथे त्यांच्यात शिरत नाही.

बातम्यांमध्ये एक गल्लत नेहमी होते. डेन्मार्कच्या एका गृहस्थांना कृत्रिम हातातून वस्तूचा मऊ-कडकपणा जाणवल्याचं २०१४ मध्ये गाजलं, ते योग्यच होतं. पण त्यात नसेत वीज सोडली होती, नसेतून वाचलेली नव्हती. हात चालवायला त्वचेवरचा ईएमजीच वापरला होता. अपस्मारासाठी मानेतल्या व्हेगस नसेभोवती बसवतात तो सिलिकोनचा वेटोळा इलेक्ट्रोड अमेरिकेत १९९७ पासून मान्य आहे, आणि माणसांच्या अंगात वर्षानुवर्षं टिकतो. तोही वीज देणारा. वीज देताना कवच आलं तर थोडा करंट वाढवून काम भागतं. वाचताना तशी सोय नाही, तंतू जेवढा बोलतो तेवढाच बोलणार. नसेतून वाचल्याची उदाहरणं आहेत: डेन्मार्कमध्येच १९९० च्या दशकात पायाच्या सुरल नसेभोवतीच्या कफवरून टाच जमिनीला लागली हे ओळखून, अर्धांगाने पाऊल लोंबणाऱ्या माणसाच्या स्नायूला योग्य क्षणी वीज दिली होती. आणि रोममध्ये मीडियन व अल्नार (करंगळीकडे जाणाऱ्या) नसेत पातळ पट्ट्या ओवून एका हात गमावलेल्या माणसाच्या मनातल्या पकडी ओळखल्या, ते २०१० मध्ये प्रसिद्ध झालं. ते इलेक्ट्रोड चार आठवडे आत होते. दोन्ही कामं मला फार मोलाची वाटतात. पण चार आठवडे म्हणजे चार आठवडेच, तुमच्या भावाला पुढची चाळीस वर्षं काढायची आहेत.

उपकरण मरतं कुठे? आमच्या प्रयोगशाळेत बाद झालेले नमुने सूक्ष्मदर्शकाखाली बघणं हे माझ्याकडे होतं. इलेक्ट्रोडची तबकडी बहुतेक वेळा शाबूत असायची. चीर असायची ती पट्टी जिथे जाड तारेला जोडलेली असते त्या सांध्यापाशी. वाकणारी वस्तू न वाकणाऱ्या वस्तूला जिथे भेटते, तिथे सगळी वाक एका रेषेवर गोळा होते आणि तिथेच धातू तुटतो. दुसरं कारण पाणी. पॉलिइमाइड थोडं पाणी पितं, प्लॅटिनमला तो मुळात नीट चिकटत नाही, थरांमध्ये ओल शिरली की शेजारच्या दोन वाटा आपसात गळायला लागतात. नमुना वरून नीट दिसत असतो, इम्पीडन्स म्हणजे रोध मात्र अचानक खाली आलेला असतो. नवशिक्याला वाटतं इलेक्ट्रोड सुधारला. रोध उगाच कमी झाला की आधी गळतीचा संशय घ्यायचा, हे आमच्याकडे पहिल्याच आठवड्यात शिकवायचे.

म्हणूनच शल्यचिकित्सकांनी काढलेली वाट मला जास्त पटते. अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठाच्या गटाने कापलेल्या नसेचं टोक मांडीतून घेतलेल्या स्नायूच्या छोट्या तुकड्यात, साधारण तीन सेंटिमीटरच्या, गुंडाळलं. काही महिन्यांत तंतू त्या तुकड्यात रुजतात आणि तो आकुंचन पावू लागतो. इलेक्ट्रोड नसेत नाही, त्या स्नायूत बसवायचा. नसेचे काही मायक्रोव्होल्ट तिथे शेकडो मायक्रोव्होल्ट होऊन मिळतात. जिवंत अँप्लिफायरच म्हणा. २०२० मध्ये त्यांनी माणसांवरचे निकाल दिले, त्यात ३०० दिवसांपर्यंत प्रणाली पुन्हा न शिकवता बोटं चालवता आली. शिकागोच्या कायकेन यांच्या गटाने त्याच्याही आधी, २००० नंतरच्या पहिल्याच वर्षांत, तुटलेल्या नसा छातीच्या किंवा दंडाच्या रिकाम्या स्नायूंकडे वळवल्या होत्या. तत्त्व तेच: नसेला बोलायला स्नायू द्या. स्वीडनमध्ये तर कृत्रिम हात हाडातच स्क्रूने बसवून स्नायूंवरच्या इलेक्ट्रोडच्या तारा त्या स्क्रूमधून बाहेर काढतात, त्यामुळे तारा थेट त्वचेतून काढाव्या लागत नाहीत. कृत्रिम हात बसवण्याच्या कामात मला हा फार महत्त्वाचा टप्पा वाटतो.

आता प्रकल्प. सजीव प्राण्यात इलेक्ट्रोड बसवण्याचा विचारही करू नका. पाठीचा कणा असलेल्या प्राण्यांसाठी रीतसर परवानगी लागते आणि ती लागावीच. शेणखताच्या ढिगाखाली गांडूळ मिळेल. त्याच्या अंगात लांबच लांब जाड तंतू असतात आणि त्यांचा सिग्नल कातडीवरूनही मिळतो. बाजारात मिळणाऱ्या २५ मायक्रोमीटर पॉलिइमाइडच्या लवचिक सर्किटवर सोन्याचा मुलामा दिलेल्या चार समांतर पट्ट्या काढून घ्या, दोन-दोनच्या जोड्या चार सेंटिमीटर अंतरावर. ओलं गांडूळ त्यावर नुसतं ठेवा आणि डोक्याकडे काडीने हलकेच स्पर्श करा. दोन जोड्यांवर एकच उंचवटा दोन मिलिसेकंदांच्या फरकाने दिसलं तर वेग निघतो सेकंदाला २० मीटर. शेपटीकडून स्पर्श केला तर दुसरे तंतू चालतात, वेग कमी मिळतो. काम झालं की गांडूळ परत खतात. खोलीतला ५० हर्ट्झचा गोंगाट तुम्हाला सगळ्यांत जास्त छळेल. अर्थिंग तपासा, ट्यूबलाइट बंद करा, धातूच्या डब्यात प्रयोग करा, चार्जरऐवजी बॅटरी वापरा.

दुसरा अर्धा भाग याहून महत्त्वाचा. तशाच पट्ट्या, कंगव्याचे दात एकमेकांत घालावेत तशा दोन वाटांच्या, वरून पूर्ण झाकून ०.९ टक्के मिठाच्या पाण्यात ६७ अंशांवर ठेवा. दर १० अंशांना झीज दुप्पट होते हा ढोबळ नियम धरला तर शरीराच्या ३७ अंशांच्या तुलनेत वेळ आठपट पळते. आठ आठवड्यांत सव्वा वर्षाचा अंदाज येतो. रोज दोन वाटांमधला रोध मोजा. वेगवेगळे लेप, वेगवेगळे सांधे, सांध्यापाशी सिलिकोनचा उतार दिलेला आणि न दिलेला, असं तोलून बघा. एक छोटी मोटर लावून सांधा सतत वाकवत ठेवा. तांब्याचं सर्किट अंगात घालायला चालत नाही, हे फक्त टेबलावरचं काम आहे. खरे पॉलिइमाइड-प्लॅटिनमचे नमुने करायचे असतील तर आयआयटी मुंबई आणि बंगळुरूचं आयआयएससी इथल्या नॅनोफॅब्रिकेशन, म्हणजे अतिसूक्ष्म उपकरणं बनवण्याच्या, सुविधा बाहेरच्या विद्यार्थ्यांसाठीही कार्यक्रमांतून खुल्या असतात. मार्गदर्शकांमार्फत अर्ज करा.

आणि तुमचा भाऊ. त्याचा हात कोपराखाली निम्म्यावर गेलाय. बोटं वळवणारे आणि उघडणारे स्नायू मुळात कोपराजवळूनच निघतात, म्हणजे त्यांचा मोठा भाग अजून त्याच्या हातात आहे. त्याला डोळे मिटून गेलेला हात मुठीत वळवायला सांगा आणि आपली बोटं त्याच्या कोपराखाली आतल्या बाजूला ठेवा. काहीतरी फुगताना जाणवेल. मग बोटं फाकवायला सांगा, बाहेरच्या बाजूला जाणवेल. एवढं मिळालं तर त्वचेवरच्या दोन इलेक्ट्रोडवर चालणारा मायोइलेक्ट्रिक, म्हणजे स्नायूंच्या सिग्नलवर हलणारा, हात त्याला शिकता येईल. नसेतल्या इलेक्ट्रोडची खरी निकड दंड किंवा खांदाच गेलेल्यांना जास्त असते, कारण त्यांच्याकडे हाताचे स्नायूच उरलेले नसतात.

गेलेली बोटं दुखतात, वीज चमकल्यासारखं होतं असं तो म्हणतो का ते नक्की विचारा. उरलेल्या हाताच्या टोकाला एखाद्या ठिकाणी टिचकी मारल्यावर थेट अंगठ्यात झिणझिण्या गेल्यासारखं वाटलं तर तिथे न्यूरोमा, म्हणजे कापलेल्या नसेची गाठ, असण्याची शक्यता आहे. तिच्यावर सॉकेट, म्हणजे कृत्रिम हाताची खोबण, बसवला तर तो हात वापरणारच नाही आणि महागडा कृत्रिम हात कपाटात जाईल. वर सांगितलेल्या नस वळवण्याच्या किंवा स्नायूत गुंडाळण्याच्या शस्त्रक्रिया आज अशा दुखण्यासाठीही करतात. त्या प्लास्टिक आणि हँड सर्जन करतात, तेव्हा आधी त्यांना दाखवा. कृत्रिम हातासाठी मुंबईत हाजी अलीला ऑल इंडिया इन्स्टिट्यूट ऑफ फिजिकल मेडिसिन अँड रिहॅबिलिटेशन ही सरकारी संस्था आहे. जाताना अपघाताच्या वेळच्या शस्त्रक्रियेचे कागद, एक्स-रे आणि दिव्यांग प्रमाणपत्र बरोबर ठेवा. आणि मोटरचा हात मिळेपर्यंत पट्ट्याने ओढून चालणारा साधा हुकाचा हात मिळत असेल तर तो नाकारू नका. चाऱ्याचा भारा उचलायला, दुधाची किटली धरायला तो आजही मोटरच्या हातापेक्षा जास्त कामाचा आहे, पावसात भिजला तरी चालतो.